काकांची पट्टी

भावनानं झटकन पडद्यावर तळहात ठेवला, पण उशीर झाला होता.

बद्रीनाथतात्यांनी वाचलं होतं. शब्द पडद्याच्या ऐन मध्यात आला होता, हिरवागार, टपोरा; आणि त्याच्यामागून रंगीबेरंगी कागदाचे कपटे भुरभुरत खाली येत होते, लग्नात नवरानवरीवर उडवतात तसे. 'अभिनंदन!' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'सोनूबाई यांची मृत्यूनोंद यशस्वीरीत्या पूर्ण झाली.' भावनाच्या बोटांच्या फटींतूनही कपटे पडतच होते.

तात्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पुन्हा उचलून डोक्यावर घातली.

"ताई, हे कोणाचं अभिनंदन म्हणायचं?"

"तसं काही न्हाई तात्या. ते सगळ्यालाच येतंय."

"मेलेल्यालाबी?"

 भावनानं हात तसाच धरून ठेवला, जणू काचेला ताप आला होता.

"जाऊ द्या. यंत्राला काय कळतंय," तात्याच म्हणाले, तिची समजूत काढल्यासारखं. बायको त्यांची गेलेली, आणि समजूत ते हिची काढत होते. छापून निघालेल्या दाखल्याची त्यांनी घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली, वरून दोनदा चाचपली आणि पायऱ्या उतरून गेले. त्यांच्यासाठी मागवलेला चहा टेबलावर तसाच राहिला. त्यावर साय धरली, सायीवर माशी बसली.

भावनाला किळस आली. माशीनं नव्हे. पडद्याखाली कोपऱ्यात अजून एक निळी चौकट उघडझाप करत होती: 'तुमचा अनुभव कसा होता? तारे द्या.'

पडद्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. जखमेवर लावतात ती पट्टी, उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून मागून आणलेली. कडा काळ्या पडलेल्या, बोटं लागून लागून मऊ झालेली. 'अभिनंदन' हा शब्द आजवर तिथं, वरच्या हिरव्या पट्ट्यात यायचा आणि बरोबर त्या चिकटपट्टीच्या आड जायचा. समोरच्या माणसाला फक्त 'नोंद पूर्ण झाली' एवढंच दिसायचं. काल रात्री पोर्टल नवं झालं. सकाळी उघडलं तर सगळं गोल गोल, गुळगुळीत, दुकानातल्या बरणीसारखं. शब्द वरून खाली सरकला, मध्यात आला, फुगला आणि कपटे उधळायला लागला. पट्टी बिचारी आपल्या जागी रिकामीच.

ती पट्टी मार्तंडकाकांनी लावली होती.

वाटूरच्या फाट्यावरून आत गेलेल्या रस्त्यावरच्या त्या गावात ग्रामपंचायत म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत संगणक, मागच्या खोलीत दप्तर. मार्तंडकाका तिथले लिपिक. भावना संगणकचालक म्हणून नवीन लागली तेव्हा काकांनी तिला आधी मागची खोली दाखवली होती. "हे बघ. जन्माचं कपाट हे, दाराजवळ. मृत्यूचं ते, कोपऱ्यात, खिडकीखाली. करवसुलीचं मधी. मला अंधारातबी कळायचं आपण कुठं उभं हावोत." मग, भावना लागायच्या आधीच, संगणक आले होते. पहिल्या पहिल्यांदा प्रत्येक कामाचं सॉफ्टवेअर वेगळं. घरपट्टीचं काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांचं, जन्ममृत्यूचं निळसर, हिशोबाचं आणखी तिसऱ्या तऱ्हेचं. काकांनी तीही कपाटंच मानली होती. पुढं एकेक करून सगळं ब्राउझरमध्ये आलं. पाणीपट्टी, रहिवासी दाखला, रोजगार हमीची हजेरी, शौचालयाचे फोटो, जन्म, मृत्यू. एकाच खिडकीत ओळीनं टॅब. तीच पांढरी जमीन, तेच निळं बटण, तेच मधोमध गरगरणारं चक्र.

"घराला पुढचं दार असतंय, मागचं दार असतंय," काका म्हणायचे. "ह्यांनी एकाच खिडकीतून सगळं सुरू केलं. बारशाचे घुगऱ्यावाले त्याच खिडकीतून आत, अन् तिरडीबी त्याच खिडकीतून बाहेर."

भावनाच्या हातून पहिली मृत्यूनोंद झाली ती एका शाळकरी पोराची, विहिरीत गेलेल्या. बटण दाबलं, हिरवा पट्टा आला, अभिनंदन. पोराची आई समोर बसली होती.  अक्षर न अक्षर वाचून उठून गेली. त्या दुपारी काकांनी नर्सबाईंकडून पट्टी आणली, पडद्याला नाक लावून जागा नेमकी हेरली आणि चिकटवली. कापायला कात्री नव्हती, दातांनीच तोडली.

पुढं भावनाला मुलगी झाली. तीन महिन्यांच्या पियूला घेऊन ती कामावर यायची. मागच्या खोलीत, जन्माच्या कपाटाच्या कडीला साडीची झोळी बांधायची, कामाच्या मधे मधे उठून झोका देऊन यायची. पियूच्या जन्माची नोंद काकांनी स्वतः केली. प्रियदर्शनी. बटण दाबायच्या आधी त्यांनी नखानं पट्टीचं टोक उकललं आणि ती अलगद सोडवून अंगठ्यावर धरली. "आज बोलू दे त्याला," म्हणाले. शब्द आला. दोघं बघत राहिले. तेवढा एकदा तो तिला आवडला होता. मग काकांनी पट्टी परत जागच्या जागी लावली.

आता काका नव्हते. तेरावं होऊन गेलं होतं. आणि आज त्यांचीच नोंद करायची होती, कारण मुदत संपत आली होती.

"झालं का बद्रीनाथचं?" ग्रामसेवक सर्जेराव आत आले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. तोंडात गुटखा, म्हणून हनुवटी वर करून बोलणं. "मंग आता काकांचं घे. ते झालं की नंबर बदलता येतो. वरून रोज फोन येऊन राह्यले मला."

नंबरची भानगड जुनी होती. पोर्टल सुरू झालं त्या वर्षी गावाला ग्रामसेवकच नव्हता, जागा रिकामी. तेव्हा अधिकाऱ्याचा मोबाईल म्हणून काकांचाच नंबर टाकला होता, तात्पुरता. काका निवृत्त झाले, ग्रामसेवक आले नि बदलून गेले, नंबर तोच राहिला. बदलायचा तर जालन्याच्या चकरा, कोण मारतो? काका फोन उचलत होते ना. मग ती गावची रीतच होऊन बसली. दाखला कसलाही असो, आधी काकांना फोन: काका, ओटीपी आला का? काका शेतात असोत, मारुतीच्या पारावर असोत, जेवत असोत. तीन आकडे सांगून थांबायचे. "घेतलं का?" मग उरलेले तीन. आंघोळीला गेले की फोन ताराकाकूंच्या हाती. रोज संध्याकाळी पोथी वाचणाऱ्या काकू इंग्रजी आकडे मात्र त्या फोनवरच शिकल्या.

काका गेल्यावर भाऊसाहेबांनीच आग्रह केला, म्हणून भावनानं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत तो नंबर लावला होता. पहिल्याच रिंगला उचलला गेला. "थांब गं, चष्मा घेते," काकू म्हणाल्या होत्या. तेव्हापासून आकडे काकूच सांगत होत्या. आज सकाळी सोनूबाईंच्या नोंदीचेही त्यांनीच सांगितले.

"नंबर बदलायला काय लागतंय माहिती का?" भाऊसाहेब खिडकीशी गेले, बाहेरच्या पपईच्या बुंध्यावर थुंकले आणि मोकळ्या तोंडानं वळले. बाकावर सदस्य संपत बसला होता, त्याला ऐकवत म्हणाले, "जुना माणूस मेला त्याचा दाखला. अन् दाखला काढायला काय लागतंय? जुन्या माणसाचा ओटीपी! म्हंजी काका गेले हे सरकारला कवा कळणार? काकांनी होय म्हणल्यावर!"

संपतनं मांडीवर थाप मारली. "आतापर्यंत कोणी सोताच्या मरणाला सोता मंजुरी दिली का भाऊसाहेब? आपल्या गावाचा रेकॉर्ड झाला हा."

"बिलकुल रेकॉर्ड."

दोघं हसले. भावनाला ते हसणं अंगावर सांडल्यासारखं वाटलं, आणि ओढणीनं पुसावं तर पुसलं जाईना. याच संपतच्या बापाला काकांनी रात्री मोटारसायकलवर बसवून परतूरच्या दवाखान्यात नेलं होतं. पण संपतचा तरी काय राग करायचा? इथं बसलं की माणूस असाच होतो. रोज त्या खिडकीपुढं बसायचं, तिच्या तोंडात नावं घालायची, खिडकी चक्र फिरवत ती चावते, गिळते आणि हिरवी ढेकर देते.

तिनं बाहेर व्हरांड्यात जाऊन काकूंना फोन लावला.

"काकू, आज काकांची नोंद घ्यायचीय. तुम्ही कशाला उन्हात येता? बसल्या जागी नंबर सांगा. सहीचा कागद मी संध्याकाळी घरी घेऊन येते."

पलीकडं भांड्याचा आवाज झाला. "न्हाई गं. हा नंबर फोनवर न्हाई सांगायची मी. येते तिकडं."

"काकू, इथं लई गर्दी हाय..."

"येते म्हन्ले ना."

भावना खुर्चीवर येऊन बसली.  काकू समोरच्या खुर्चीत बसणार. मार्तंड अवधूत कुलकर्णी हे नाव त्यांच्या डोळ्यांदेखत आत जाणार. आणि मग हिरवा शब्द आणि कपटे. हे होता कामा नये. बाकी काहीही होवो, हे नको.

तिनं रोजगार हमीचा टॅब उघडून एक जुनी हजेरी जतन करून पाहिली. कपटे आले. पाणीपट्टीच्या टॅबमध्ये पाहिलं. तेच. मग खिडकी ओढून लहान केली. शब्दही लहान झाला, पण राहिला मध्यातच, चिमुकला, जास्तच खोडकर. जाहिरातीच्या कागदाचा तुकडा मधोमध लावून पाहिला, तर कागदाच्या चारी बाजूंनी रंग गळत राहिले. शेवटी तिनं मदतकेंद्राचा नंबर फिरवला. बराच वेळ बासरी वाजली, मग एका मुलीचा आवाज आला, थंडगार खोलीतला.

"मॅम, तो कॉमन टेम्प्लेट आहे. सगळ्या सेवांना सेम सक्सेस मेसेज जातो."

"अहो पण मृत्यूला तरी नको ना. माणसं समोर बसलेली असतात."

"मॅम, सेवा कोणतीही असली तरी पेज एकच आहे. वेगळं करता येत नाही."

"तुमच्या घरी कोणी..." भावनाच्या तोंडात आलं होतं, तिनं गिळलं. ती पोरगीही कुणाची तरी नोकरी करत होती. "तक्रार तरी लिहून घ्या."

"नक्की मॅम."

फोन ठेवते न ठेवते तोच मोबाईल किणकिणला. 'अभिनंदन! आपली तक्रार यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे.'

भावनाला हसू आलं, आणि हसता हसता तिनं मोबाईल उपडा ठेवला.

काकू आल्या त्या भर दुपारी. वरच्या गल्लीतून चालत, चपलांवर कापसाचे तंतू चिकटलेले. गावात वेचणी चालू होती, रस्त्यांवर गाड्यांमधून कापूस सांडायचा. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आधी काकांचा फोन काढला, मग चार्जर, मग चष्म्याचं घर, आणि सगळं टेबलावर ओळीनं मांडलं, पूजेची तयारी मांडावी तसं.

"या काकू, या," भाऊसाहेब लगबगीनं उठले आणि खिशातून मोबाईल काढला. "जरा स्क्रीनकडं बघून बसा बरं. एक फोटो घेतो. शंभर टक्के नोंदणी सप्ताह चालू हाय, ग्रुपवर टाकावा लागतोय."

काकूंनी डोक्यावरून पदर ओढला. "माझा कशाला फोटो भाऊसाहेब? मी काय नवा खोदलेला बोअर हाय का गावातला?"

संपत फिसकन हसला. भाऊसाहेबांचा मोबाईल हातातच राहिला. मग कुणाचा तरी फोन आल्याचं निमित्त करून ते बाहेर गेले, आणि त्यांच्यामागं संपतही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"पियू बरी हाय का?"

"बरी हाय. बालवाडीत जाते आता. सासूबाई सोडून येतात."

"बोलती का स्पष्ट?"

"सगळं बोलती. उलट बोलती."

"बोलू दे," काकू म्हणाल्या. मग पडद्याकडं बघत राहिल्या. "हाच का गं तो पडदा? इथंच पाणीपट्टी दिसती का?"

"इथंच."

"अन् पोरांचे जन्म?"

"तेबी इथंच काकू."

काकूंनी मान हलवली, बाजारात वस्तू हातात घेऊन परत ठेवावी तशी. भावना रकाने भरायला लागली. नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख. मृत्यूचं ठिकाण: घर. कारण निवडायच्या यादीत काकांचं कारण सापडेना, तेव्हा 'इतर'. माहिती देणाऱ्याचं नाव: तारा मार्तंड कुलकर्णी. माहिती देणाऱ्याचा मोबाईल: तिथं तिनं न थांबता काकांचा नंबर टाकला; त्या घरात फोन तेवढा एकच होता आणि नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

"त्या दिवशी तुझा फोन आल्ता बघ," काकू अचानक म्हणाल्या.

भावनाची बोटं थांबली. "कोणत्या दिवशी?"

"जालन्याच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हन्ले, घरी न्या आता. व्हरांड्यात स्ट्रेचरवर ठेवलं व्हतं त्यांना, जीपची वाट बघून राह्यलो व्हतो आम्ही. फोन वाजला. मी न्हवते उचलणार. तर त्यांनी हात केला. जीभ जड झाल्ती. तरी मी फोन समोर धरला अन् त्यांनी वाचलं. तीन आकडे सांगितले. म्हन्ले, घेतलं का? मंग राह्यलेले तीन."

काकूंनी पदराच्या टोकानं फोनची काच पुसली.

"त्याच्यानंतर न्हाई बोलले काही. घरी आणलं, संध्याकाळी गेले. माझ्याशीबी न्हाई बोलले."

भावनाला तो फोन आठवला. मागं गलका होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, लोखंडाची चाकं खडखडत होती. तिला वाटलं होतं, काका परतूरच्या बसस्टँडवर असतील. आकडे अडखळत येत होते, आणि इकडं पान बंद पडायला आलं होतं, वर उलट मोजणारं घड्याळ पळत होतं. ती म्हणाली होती, "जल्दी सांगा ना काका, पेज जाऊन राह्यलं." नोंद शौचालयांच्या फोटोंची होती. भाऊसाहेबांना त्या दिवशी सगळे फोटो वर चढवायचे होते. पत्र्याची दारं, पांढरी भांडी, प्रत्येकापुढं एक अवघडलेला माणूस उभा. काकांच्या जिभेवरचे शेवटचे सहा आकडे त्या फोटोंवर गेले होते.

 मघापासून तिला भाऊसाहेबांच्या पिचकारीची किळस येत होती, त्या गुळगुळीत पानाची येत होती. आता स्वतःच्या आवाजाची आली. जल्दी सांगा ना काका.

"कोणाची व्हती गं ती नोंद?" काकूंनी विचारलं. त्यांचे डोळे भावनाच्या तोंडावर होते, स्वच्छ, थकलेले. "मी आपली तवापासून विचार करून राह्यले. जन्माची व्हती का?"

पंखा फिरत होता. बाहेर भाऊसाहेब कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की आजच होतंय, आत्ताच होतंय.

"हो काकू," भावना म्हणाली. "जन्माची व्हती."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. आल्यापासून पहिल्यांदा. "बरं झालं बाई."

भावनानं मान खाली घालून 'ओटीपी पाठवा' दाबलं. टेबलावरचा फोन थरथरला आणि चार्जरला जाऊन टेकला. काकूंनी घाई केली नाही. चष्म्याच्या घरातून चष्मा काढला, काडी कानामागं बसवली, फोन हातभर लांब धरला आणि एकेक आकडा सुटा करून सांगितला. तीन सांगून थांबल्या.

"घेतलं का?"

भावनानं तिसरा आकडा टाकला.

"घेतलं."

मग उरलेले तीन.

आता निळं बटण तेवढं राहिलं होतं. भावनानं डावा हात पडद्यामागं नेला, कडेला चाचपत कळ शोधली आणि दाबली. पडदा काळा झाला. मग तिनं उजव्या हातानं कळफलकावरची मोठी कळ दाबली. न बघता. बटण कुठं असतं, चक्र किती वेळ फिरतं, शब्द कधी येतो, हे तिला बघावं लागत नव्हतं. काळ्या काचेत काकूंचा चेहरा दिसत होता, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि त्याच्या वरच्या बाजूला ती पांढरी पट्टी. काचेआड जे काय हिरवं उधळायचं ते अंधारात उधळून गेलं.

"लाईट गेली का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई. पडदा बंद केला मी."

 काकू थोड्या पुढं झुकल्या आणि त्यांनी पट्टीच्या काळ्या पडलेल्या कडेला बोट लावलं. "ही त्यांनीच लावल्याली ना? सांगत व्हते मला. दातानं तोडली म्हन्ले. अन् पियूच्या वेळी काढली व्हती म्हन्ले एकदा."

म्हणजे काकूंना ठाऊक होतं. पडद्यात काय येतं, कशावर ती पट्टी आहे, सगळं. भावनाला एकदम मोकळं वाटलं आणि लाजही वाटली. नोंद झाली की आपोआप सुरू होणारा प्रिंटर मागच्या खोलीत कुरकुरला. ती उठली, दाखला घेऊन आली. कागद अजून गरम होता. तिनं तो काकूंच्या हातात न देता आधी दोन्ही हातांत धरून थोडा गार होऊ दिला.

तेवढ्यात काकांचा फोन पुन्हा थरथरला.

 माहिती देणाऱ्याचा मोबाईल. तो रकाना तिनंच भरला होता, स्वतःच्या हातानं, न थांबता. मघाच्या तिच्या तक्रारीला आला तसलाच निरोप आता टेबलावर पडला होता, आणि तो काकांच्या फोनवर होता.

"द्या काकू, मी बघते..." ती पुढं झाली.

पण चष्मा काकूंच्या डोळ्यांवरच होता. फोन त्यांनी उचललेला होता. पोथी वाचताना धरतात तसा धरून त्या बघत होत्या. ओठ पहिल्या शब्दावर हलले, थांबले. मग पुढं खाली नावापर्यंत गेले. भावना दाखला छातीशी धरून उभी होती. बाहेर ट्रॅक्टर गेला, खिडकीची तावदानं वाजली आणि शांत झाली.

काकूंनी चष्मा काढला. घडी करून त्याच्या घरात ठेवला. चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळली. फोन, चार्जर, चष्म्याचं घर, सगळं आलं तसं ओळीनं पिशवीत गेलं. मग त्यांनी दाखल्यासाठी हात पुढं केला.

"ह्यात आकडे न्हाईत," त्या म्हणाल्या. "मंग आपल्या कामाचं न्हाई."

आणि दाखल्याची घडी करत, दाराशी चपला शोधत, मागं न बघता म्हणाल्या, "पियूला घेऊन ये एकदा घरी. उलट बोलती म्हंतीस ना. येऊ दे."